जुनी स्पोर्ट्स बाईक घेताना: आर१५, आरसी, निंजा की आणखी काही?

जुन्या स्पोर्ट्स बाईकच्या बाजारात एक पेच हटकून पडतो. हातातल्या पैशांत कमी चाललेली, सिंगल हँड १५० सीसीची गाडीही बसते आणि तेवढ्यातच दोनतीन हात फिरलेली ३९० किंवा ३०० सीसीचीही. मन दुसरीकडे धावतं. जाहिरातीतली किंमत मात्र अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली किंमत तुम्ही पुढच्या दहा हजार किलोमीटरमध्ये भरता: चेन किट, दोन टायर, क्लच प्लेट, रेडिएटर, फेअरिंग (इंजिनाभोवतीचं प्लास्टिकचं आवरण). दोन गाड्यांतून एक निवडायची असेल तर हा पुढचा खर्च कागदावर मांडता यायला हवा. ज्या गाडीचा तो अंदाज लागत नाही ती कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. असा अंदाज बांधायला काय बघायचं, कुठे बघायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी रस्ता आणि उंची

महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा किनारी रस्ता यांपैकी एकावरही दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे राज्यातले सर्वांत मोकळे, वेगवान रस्ते तुमच्यासाठी नाहीतच. तुमची गाडी चालणार ती हिंजवडी-वाकडच्या गर्दीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, ताम्हिणी नाहीतर आंबोलीच्या वळणांवर. तिथे कमाल वेगापेक्षा ब्रेक, टायर, गरम इंजिनाची झळ आणि मनगटावरचा भार यांनाच जास्त महत्त्व आहे.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी तीन उत्तरं लिहून ठेवा. रोज किती किलोमीटर आणि त्यातलं गर्दीतलं किती? मागे कुणी नियमित बसणार का? तुमची उंची किती? यामाहा आर१५ व्हर्जन ३ ची सीट ८१५ मिमी, केटीएम आरसी ३९० ची ८२० मिमी, टीव्हीएस अपाची आरआर ३१० ची ८१० मिमी उंच आहे. कावासाकी निंजा ३०० ची साधारण ७८५ मिमी. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला हा तीनेक सेंटिमीटरचा फरक सिग्नलवर आणि उतारावर गाडी मागे घेताना लगेच कळतो. क्लिप-ऑन हँडल (दोन शॉकअपना वेगवेगळं जोडलेलं, खाली झुकलेलं हँडल) किती खाली आहे हे आकड्यांत दिसत नाही, ते बसूनच कळतं. वीस मिनिटं चालवून मनगट आणि मान दुखायला लागली तर सवयीने फार फरक पडेल अशी आशा ठेवू नका.

कोणती गाडी कशी

यामाहा आर१५ चं व्हर्जन ३ भारतात २०१८ मध्ये आलं. १५५ सीसी, लिक्विड कूल्ड, सहा गिअर, स्लिपर क्लच (भराभर गिअर उतरवताना मागचं चाक अडखळू न देणारा), आणि ७,४०० आरपीएमच्या आसपास व्हॉल्व्हची हालचाल बदलणारं व्हीव्हीए. ड्युअल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जानेवारी २०१९ पासून मिळालं, त्याआधीच्या गाड्यांना ते नाही. तेव्हा २०१८ आणि २०१९ च्या गाड्यांच्या किमतीत फार अंतर नसेल तर २०१९ चीच शोधा. पार्ट्स जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतात आणि गावातल्या मेकॅनिकलाही हे इंजिन माहीत असतं. तिची अडचण वेगळी आहे: कॉलेजच्या वयात घेतलेली ही गाडी बऱ्याचदा रेड लाइनला ताणलेली आणि एकदोनदा आडवी झालेली असते. मागची सीट नावापुरती आहे.

केटीएमची आरसी २०० आणि आरसी ३९० या पुण्याजवळच्या चाकणला बनतात, दोन्ही २०१४ ला बाजारात आल्या. आरसी ३९० म्हणजे ३७३ सीसी, सुमारे ४३ पीएस. एवढ्या किमतीत एवढी ताकद दुसरीकडे मिळत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती फार वापरून घेतलेली असते. आरसी ३९० ला सुरुवातीपासून ड्युअल चॅनल एबीएस आहे. आरसी २०० ला एबीएस २०१९ मध्ये आलं. ३९० मध्ये २०१७ ला मोठा बदल झाला: पोटाखालचा सायलेन्सर बाजूला आला, पुढची डिस्क ३२० मिमीची झाली, राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल) आलं. दोन्ही समोर असतील तर २०१७ नंतरची घ्या. गर्दीत पंखा सतत फिरतो, पायांना झळ लागते, टाकी जेमतेम दहा लिटरची. २०२२ च्या नव्या पिढीत टाकी १३.७ लिटरची झाली.

टीव्हीएस अपाची आरआर ३१० डिसेंबर २०१७ मध्ये आली. बीएमडब्ल्यू जी ३१० आर बरोबरचं ३१२ सीसीचं, मागे झुकवलेलं इंजिन, ३४ पीएस. सुरुवातीच्या गाड्यांत मधल्या आरपीएमला हँडल आणि फूटपेगवर कंप जाणवतो. २०१९ ला स्लिपर क्लच आला, २०२० च्या बीएस६ (नव्या प्रदूषण निकषांच्या) गाडीला राइड मोड आणि रंगीत स्क्रीन. बसण्याची ढब आरसीपेक्षा सोसण्याजोगी. लांबचा प्रवास आणि घाट दोन्ही हवे असणाऱ्याला २०१९ नंतरची आरआर हा समतोल पर्याय आहे.

कावासाकी निंजा ३०० चं इंजिन दोन सिलिंडरचं, २९६ सीसी, ३९ पीएस, टाकी १७ लिटरची. आरसीसारखा झटका नाही, पण शंभरच्या वेगावर तासन् तास शांतपणे चालते. भारतात २०१३ पासून आहे, एबीएस मात्र २०१८ मध्ये आलं. ही निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हा. पुण्या-मुंबईत काळजी नाही, पण परभणी किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याने ब्रेक लिव्हर मागवला तर किती दिवस लागतील हे आधी फोनवर विचारून घ्यावं.

होंडा सीबीआर २५०आर २०११ ची, २०२० मध्ये बीएस६ आल्यावर बंद झाली. बसायला आरामशीर, इंजिन टिकाऊ. फेअरिंग, हेडलाइट, व्हायजर मिळायला आता वेळ लागतो, म्हणून हिचं प्लास्टिक शाबूत असेल तरच विचार करा. बजाज पल्सर आरएस२०० ला इंजिनाचे पार्ट्स एनएस२०० च्या घराण्यातले असल्याने खर्च सगळ्यांत हाताबाहेर न जाणारा. पहिलीच फेअरिंगची गाडी घेणाऱ्याला आणि रोज नोकरीला जाणाऱ्याला आरएस२०० किंवा आर१५ यांपैकीच एक घ्यावी, असं स्पष्ट मत आहे. आरसी ३९० पहिली गाडी म्हणून घेऊ नये.

जाण्याआधी दोन फोन

पहिला फोन विक्रेत्याला. आरसी बुकावर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव कुणाचं? तोच माणूस समोर असणार का? कितवा हात? फायनान्स आहे का, असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) हातात आहे का? गाडी पडली आहे का? सायलेन्सर, हँडल, मडगार्ड कंपनीचेच आहेत का, नसतील तर मूळ पार्ट घरात आहेत का? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग मूळ सायलेन्सर नव्याने घ्यावा लागतो. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर वाहतूक पोलीस दंड करतात आणि तो काढून जप्तही करतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला, धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढलेली गाडी पीयूसीच्या वेळीही अडचणीत आणते.

गाडीचा नंबर घेऊन एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, फायनान्सची नोंद पाहा. महाराष्ट्रातले ई-चलान वेगळे तपासा. थकलेली चलानं विक्रेत्याने आधी भरायची, किमतीतून वळती करू नका.

दुसरा फोन त्या कंपनीच्या स्पेअर काउंटरला. चेन किट, पुढचे ब्रेक पॅड, पुढची डिस्क, क्लच प्लेट सेट, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील, रेडिएटर, एका बाजूची फेअरिंग, हेडलाइट, या आठ गोष्टींची किंमत आणि मिळायला लागणारे दिवस लिहून घ्या. ज्या दोनतीन मॉडेलमध्ये मन अडकलं आहे त्या सगळ्यांसाठी हे करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण निवडीचा निम्मा निकाल इथेच लागतो.

गाडी थंड असताना पोचा

विक्रेत्याला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाच्या केसिंगला हात लावा. गरम असेल तर तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. स्टार्टिंगची खोड, निळा धूर, टायमिंग चेनची खडखड हे सगळं पहिल्या थंड स्टार्टलाच कळतं आणि गरम इंजिन ते लपवतं. दिवसाउजेडी जा. सोबत टॉर्च, कापड, साधा मल्टिमीटर, हवेचा गेज आणि कागद-पेन असू द्या.

पहिल्यांदा आरसी बुकावरचा चेसिस नंबर स्टिअरिंग हेडपाशी (हँडल फ्रेमला जोडतं तिथे) कोरलेल्या नंबराशी आणि इंजिन नंबर केसिंगवरच्या नंबराशी अक्षर अन् अक्षर जुळवा. आकड्यांभोवतीचा पत्रा घासलेला, नव्याने रंगवलेला किंवा आकडे ओळीत नसलेले दिसले तर तिथूनच परत फिरा.

*गाडी पडली आहे का, हे कसं ओळखायचं*

फेअरिंगची गाडी आडवी झाली की सगळ्यात आधी प्लास्टिक फुटतं, आणि नवं प्लास्टिक लावून पडल्याची खूण पुसता येते. म्हणून प्लास्टिकवरून निष्कर्ष काढू नका, जे सहज बदललं जात नाही ते बघा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा आणि खाली टॉर्च मारा. स्टिअरिंग हेडपाशी दोन्ही बाजूंना एकेक छोटा ठोकळा असतो, हँडल त्याला टेकून थांबतं. हा स्टॉपर. गाडी जोरात पडली किंवा समोरून आदळली की हँडल इतक्या ताकदीने वळतं की स्टॉपरला खळगा पडतो, कडेचा रंग उडतो, कधी तो तुटतोच. वेल्डिंग करून परत बसवलेला स्टॉपर दिसला तर चेसिस वाकल्याची शक्यता गृहीत धरा आणि ती गाडी सोडा.

मग फूटपेगची टोकं, ब्रेक आणि क्लच लिव्हरची टोकं, हँडलच्या शेवटचे वजनदार गोळे, इंजिनाची दोन्ही बाजूची कव्हरं आणि सायलेन्सरची बाहेरची बाजू पाहा. एकाच बाजूला या सगळ्यांवर ओरखडे म्हणजे उभ्या उभ्या पडलेली गाडी, यात फार घाबरण्यासारखं नाही. पण ओरखडे लांब, एका दिशेने ओढलेले असतील तर ती घसरत गेली आहे. दोन बाजूंच्या फेअरिंगच्या रंगात किंवा स्टिकरच्या रेषेत फरक असेल तर आतून हात घालून पकडीचे कान चाचपा. तुटलेले कान, केबल टायने बांधलेलं प्लास्टिक, आतून चिकटवलेला फायबर यावरून दुरुस्ती कशी केली ते कळतं. रेडिएटरच्या जाळीचे पंख पुढून एका जागी दबले असतील तर पुढचं चाक आत ढकललं गेलं होतं का असा संशय घ्या. समोर दोन मीटरवर बसून बघा: चाक दोन्ही शॉकअपच्या मधोमध आहे का, हँडल सरळ धरलं की चाकही सरळ आहे का?

इंजिन

थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून रंग बघा. स्वच्छ हिरवा, निळा, गुलाबी, जो कंपनीचा असेल तो चालेल. गंजासारखा तांबडा म्हणजे साधं पाणी भरत आले. वर तेलाचा तवंग म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. रेडिएटरचं मुख्य झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका, उकळतं कूलंट दाबाने तोंडावर येतं. ऑइल काचेतून किंवा डिपस्टिकवर पाहा. काळं असणं चालेल. दुधाळ, चहासारखं असेल तर पाणी तेलात मिसळलं आहे, याला तिथेच नकार द्या.

आता सेल्फ मारा. तीनचार सेकंदांत, थ्रॉटल न देता चालू व्हायला हवी. सायलेन्सरमागे पांढरं कापड धरा. थंड हवेत सुरुवातीला थोडी वाफ येते, ती विरते. निळसर धूर फक्त चालू करतानाच एकदा येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील घासलेले, आणि रेव्ह दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टन रिंग किंवा बोअर. पहिलं काम मध्यम खर्चाचं, दुसरं इंजिन उघडण्याचं. वरच्या बाजूने सतत येणारी खडखड टायमिंग चेनची किंवा टेन्शनरची असते. चालू होताना दोन सेकंद आली आणि तेल चढल्यावर थांबली तर लक्ष ठेवण्यासारखी, गरम झाल्यावरही राहिली तर खर्चाच्या कागदावर लिहा.

गाडी उभीच चालू ठेवा आणि पंखा लागेपर्यंत थांबा. हे सोडू नका. तापमानाचा काटा चढला पाहिजे, पंखा आपोआप लागला पाहिजे, मग काटा थोडा उतरला पाहिजे. पंखा लागलाच नाही तर फ्यूज, रिले, सेन्सर किंवा मोटर यांपैकी काहीतरी गेलं आहे. अशी गाडी किती वेळा गरम झाली असेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि जास्त गरम झालेल्या हेडचा खर्च निम्म्या गाडीएवढा होऊ शकतो.

याच वेळी मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट, आणि चार हजार आरपीएमला साधारण १३.८ ते १४.५. तेराच्या खाली राहिलं तर चार्जिंग कॉइल किंवा रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) खराब, पंधराच्या वर गेलं तरी रेक्टिफायरच. नवी बॅटरी टाकून विकायला काढलेल्या गाडीत हा दोष हमखास लपतो.

शॉकअप, ब्रेक, टायर, चेन

पुढचा ब्रेक दाबून हँडल जोरात खाली ढकला, आठदहा वेळा. मग पाईपवर कापड फिरवा. तेलाचं कडं उमटलं तर ऑइल सील गेलं. सील स्वस्त असतं, पण पाईपवर गंजाचे टिपके असतील तर नवं सीलही महिन्याभरात फाटतं. आरसी, आरआर यांचे शॉकअप उलटे असतात, तिथे तेल खाली थेट ब्रेक कॅलिपरवर ओघळतं, म्हणून जास्त जपून पाहा.

पुढचं चाक उचलायला मदत घ्या आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला. सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी भटकते ती यामुळे. चाक पुढे-मागे हलवल्यावर टकटक आली तर कोनसेट सैल आहे. मागचं चाक आडवं हलवून स्विंगआर्मचा खेळ पाहा.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, काठाला बोट फिरवून उंच कड लागली की ती गाठत आली असं समजा. इग्निशन चालू केल्यावर एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि थोडं पुढे गेल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर सेन्सर, रिंग किंवा मॉड्यूल. लागतच नसेल तर जास्त वाईट, कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच म्हणून खर्चात धरा, पावसाळ्यात कडक झालेलं रबर घाटात पकड सोडतं. मागचा टायर मध्यभागी सपाट झाला असेल तर गाडी वळणात अचानक कोसळल्यासारखी झुकते. मूळ मापही तपासा: आर१५ व्हर्जन ३ ला मागे १४०/७०-१७, आरसी ३९० आणि आरआर ३१० ला १५०/६०-१७. आर१५ ला १५० चा टायर चढवलेला असतो तेव्हा तो अरुंद रिमवर कडेने आवळला जातो, आणि झुकण्याची सहजता जाते.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला, किंवा दात लाटेसारखे एका बाजूला वाकले असतील, तर किट संपलं. नुसती चेन बदलून भागत नाही, दोन्ही स्प्रॉकेटसकट घ्यावी लागते.

किलोमीटरचा आकडा खरा आहे का हेही यातूनच कळतं. मीटर बारा हजार सांगत असेल आणि फूटपेगचं रबर गुळगुळीत, डिस्कला कड, दुसरा संच टायर असेल तर आकडा फिरवलेला आहे. सर्व्हिस सेंटरला मालकाकडून फोन करवून जुन्या जॉब कार्डवरचे किलोमीटर विचारा.

स्टंटची आणि पुराची गाडी

मागचं स्प्रॉकेट वाजवीपेक्षा मोठं, शेपटाखालचं प्लास्टिक घासलेलं, फ्रेमवर क्लँपच्या खुणा आणि क्लच नुकताच बदललेला, एवढं एकत्र दिसलं तर ती स्टंटला वापरलेली आहे. चाक उचलून चालवताना तेल एका बाजूला जातं, इंजिनाचे काही भाग कोरडे राहतात. तिला हातही लावू नका.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं होतं. त्या भागातली, त्याआधीची गाडी असेल तर सीट काढून वायरिंगच्या कप्प्यात, हेडलाइटच्या आत आणि एअर फिल्टरच्या डब्यात बारीक गाळाची रेघ शोधा. कनेक्टर एकदोन ठिकाणी उघडून बघा, पिना हिरवट पडल्या असतील तर पाणी आत गेलं होतं. अशा गाडीचं इंजिन नीट करता येतं, पण एबीएस मॉड्यूल आणि वायरिंग पुढची दोन वर्षं पावसाळ्यात दगा देत राहतात. गोव्यातून आलेली गाडी असेल तर ती आधी भाड्याने फिरत होती का हेही नोंदणीच्या इतिहासात बघा, तिथल्या भाड्याच्या दुचाकींना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात.

चालवून बघताना

किमान दहा किलोमीटर, त्यात थोडी गर्दी आणि थोडा मोकळा रस्ता हवा. हेल्मेट स्वतःचं न्या आणि विमा चालू असल्याची खात्री करूनच बसा. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास असताना थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम भसकन चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच सरकतो आहे. सगळे गिअर चढवून-उतरवून बघा, विशेषतः दुसरा. जोर देताना तो सुटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल आणि हा सर्वांत महाग दोषांपैकी एक आहे. साठच्या वेगातून पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. लिव्हर बोटांत धडधडली तर डिस्क वाकडी. मोकळ्या, रिकाम्या, सरळ रस्त्यावर चाळीसला हँडलची पकड सैल करा, गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर चाकांची रेषा किंवा चेसिस बिघडलं आहे. परत आल्यावर पुन्हा खाली वाकून तेल आणि कूलंटची गळती बघा.

दोन गाड्या, एक कागद

समजा एकाच किमतीत दोन गाड्या आहेत. एक २०१९ ची आर१५, ३४ हजार किलोमीटर चाललेली, पहिला हात, सगळी बिलं हजर, पण टायर मूळचे, चेन संपत आलेली, कोनसेट खाचेत बसणारा. दुसरी २०१७ ची आरसी ३९०, २१ हजार किलोमीटर, तिसरा हात, टायर नवे, बाहेरचा सायलेन्सर, मूळचा हरवलेला, कूलंट खाली गेलेलं, सर्व्हिसची बिलं नाहीत.

आर१५ ची यादी लांब दिसते. पण टायर जोडी, चेन किट, कोनसेट हे तिन्ही खर्च ठरलेले आहेत, काउंटरवर किंमत विचारली की आकडा कळतो, आणि ते झाले की पुढचे पंधरावीस हजार किलोमीटर बिनघोर. आरसीच्या यादीत सायलेन्सर ठरलेला आहे, पण कूलंट का गेलं याला आकडा नाही. होजचा क्लिप सैल असेल किंवा हेड गॅस्केट असेल, आणि या दोन उत्तरांत खर्चाचं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इथे आर१५ घ्यावी. मालक आरसी अधिकृत सर्व्हिस सेंटरला तुमच्यासमोर तपासून घ्यायला तयार झाला, प्रेशर टेस्टमध्ये फक्त होज निघाला, आणि सायलेन्सरची किंमत त्याने कमी केली, तर विचार बदलायला हरकत नाही. तपासणीचे पैसे तुम्ही द्या. मालक तयारच होत नसेल तर तेही एक उत्तर आहे.

घासाघीस याच कागदावरून करा. "थोडं कमी करा ना" म्हणण्यापेक्षा "चेन किट एवढ्याचं, टायर एवढ्याचे, हे काउंटरचे भाव" असं म्हणा, बोलणं लवकर मिटतं. गाडीच्या एकूण रकमेतला पाचवा भाग पहिल्या दोन महिन्यांच्या कामासाठी बाजूला काढून मगच किंमत ठरवा.

नावावर करणं

एकाच राज्यात विक्री असेल तर फॉर्म २९ आणि ३० लागतात. फायनान्स असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओची किंवा राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. परराज्यातल्या गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो आणि तिकडचा परतावा मिळवणं वेळखाऊ असतं, म्हणून स्वस्त दिसणाऱ्या बाहेरच्या गाडीचा हिशेब टॅक्स धरूनच करा. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने झाल्यावरच व्यवहार करा.

विकणाऱ्याने १४ दिवसांत (परराज्यात ४५ दिवसांत) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच पुढे विकणाऱ्यांपासून लांब राहा. नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे, त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्यालाही नाव लवकर बदलून हवं असतं. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करा, त्याआधीची चलानं त्याची, नंतरची तुमची. पैसे बँकेतून, आरसी बुकावरच्या नावाच्याच खात्यात. दोन्ही चाव्या मागून घ्या.

विम्यात थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर व्हावा म्हणून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही पाहा.

पहिल्या आठवड्यात

मागच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर हे सगळं नवं करा. ऑइलच्या डब्यावर जासो एमए२ (ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) लिहिलेलं असावं, कारसाठीच्या ऑइलने ओला क्लच सरकतो. आरसी ३९० ला सुमारे १.७ लिटर १५डब्ल्यू५० लागतं, ते बदलताना फिल्टरबरोबर आतली जाळीही काढून धुवा, बाहेरच्या गॅरेजमध्ये ती बऱ्याचदा राहून जाते. ब्रेक ऑइल डॉट ४, आणि ते दर दोन वर्षांनी. चेनचा ताण स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, फार आवळलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार टाकते. बदललेल्या प्रत्येक गोष्टीचे किलोमीटर वहीत लिहा आणि बिल त्याच वहीत चिकटवा. पाचशे किलोमीटरनंतर कूलंटची पातळी आणि ऑइल पुन्हा थंड इंजिनावर तपासा. पातळी जिथे होती तिथेच असेल तर मग ताम्हिणीला जायला हरकत नाही.